पेशीतली यंत्रं, उत्क्रांती आणि इंटेलिजंट डिझाइन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्क्रांतीबद्दल काहीही लिहिलं की ठरावीक प्रश्न येतातच. त्यांतले जीवरसायनशास्त्राशी संबंधित तेवढे इथे एकत्र केले आहेत. जीवाश्म, माकडं, डायनोसॉर यांत नाहीत. फक्त प्रथिनं, जनुकं आणि पेशी. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी समजेल. जिथे माझं मत आहे तिथे ते झाकलेलं नाही.

१. इंटेलिजंट डिझाइन म्हणजे नेमका काय दावा आहे?

दावा असा: सजीवांमधल्या काही रचना इतक्या नेमक्या आणि गुंतागुंतीच्या आहेत की त्या आंधळ्या नैसर्गिक प्रक्रियेतून उभ्या राहूच शकत नाहीत, त्यांच्यामागे कुणीतरी बुद्धिमान योजक असलाच पाहिजे. तो योजक कोण, हे मुद्दाम मोकळं सोडलेलं असतं. युक्तिवाद जुना आहे. इंग्रज धर्मोपदेशक विल्यम पेली यांनी १८०२ मध्ये घड्याळाचं उदाहरण देऊन तो मांडला होता. १९९०च्या दशकात डोळा आणि पंख मागे पडले आणि चर्चा पेशीच्या आत गेली, एवढंच नवं. आज या विचाराचं मुख्य केंद्र अमेरिकेतल्या सिएटलची डिस्कव्हरी इन्स्टिट्यूट ही संस्था आहे. सहा दिवसांत सृष्टी झाली असं मानणाऱ्यांशी याचं नातं किती, ते प्रश्न १२ मध्ये.

२. मायकेल बीही उत्क्रांती मानतच नाहीत ना?

मानतात, आणि हे दोन्ही बाजूंच्या लोकांना माहीत नसतं. बीही पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठातले जीवरसायनशास्त्रज्ञ. पृथ्वीचं अब्जावधी वर्षांचं वय त्यांना मान्य आहे, माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एक होता हेही मान्य आहे. त्यांचा आक्षेप यंत्रणेवर आहे: यादृच्छिक उत्परिवर्तनं (जनुकांत आपसूक होणारे बदल) आणि नैसर्गिक निवड एवढ्या दोघांच्या बळावर पेशीतली यंत्रं घडली, हे त्यांना पटत नाही. त्यामुळे त्यांच्याविरुद्ध जीवाश्मांची जंत्री वाचून काही साधत नाही. त्यांच्याच विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागाने मात्र इंटेलिजंट डिझाइनला वैज्ञानिक आधार नाही, असं जाहीर निवेदन काढलेलं आहे.

३. 'अविभाज्य गुंतागुंत' ही काय भानगड आहे?

बीहींनी १९९६ मध्ये 'डार्विन्स ब्लॅक बॉक्स' या पुस्तकात मांडलेली कल्पना. अनेक भाग मिळून एक काम करतात आणि त्यांतला कुठलाही एक काढला तर काम थांबतं, अशी यंत्रणा म्हणजे अविभाज्य गुंतागुंतीची. त्यांचं स्वतःचं उदाहरण उंदराच्या सापळ्याचं: फळी, स्प्रिंग, हातोडी, अडणी, आमिषाची पट्टी. स्प्रिंग काढली तर निम्मे उंदीर सापडतात असं होत नाही. एकही सापडत नाही. नैसर्गिक निवड तर आज उपयोगी असेल तेच टिकवते. मग अर्धवट सापळा पिढ्यान्‌पिढ्या टिकला कसा?

प्रश्न वाजवी आहे. अनेक छोट्या, क्रमाक्रमाने झालेल्या बदलांतून घडणं अशक्यच आहे असा एखादा अवयव दाखवता आला तर माझा सिद्धांत कोसळेल, असं खुद्द डार्विनने १८५९ मध्ये लिहून ठेवलं होतं. बीहींनी ते आव्हान स्वीकारलं. त्याबद्दल त्यांची टर उडवणं मला पटत नाही.

४. मला तर हा तर्क बिनतोड वाटतो. चूक कुठे आहे?

दोन गृहीतकं न बोलता आत शिरली आहेत. पहिलं: आज जो भाग जे काम करतो, तेच तो पहिल्यापासून करत होता. दुसरं: यंत्रणा घडते ती फक्त भाग एकेक वाढत जाऊन. दोन्हीही खरी नाहीत. पेशीतले भाग काम बदलतात, भागांच्या जादा प्रती होतात, जुने भाग गळून पडतात, आणि आहेत तेही जागच्या जागी बदलत राहतात.

समजा 'अ' हे प्रथिन एकटं बरं काम करतंय. पुढे 'ब' आलं आणि काम थोडं सुधारलं. या टप्प्यावर 'ब' नसलं तरी चालतं. मग 'अ'मध्ये असा एखादा बदल झाला की 'ब' सोबत असताना त्याने काही बिघडत नाही, पण 'ब' काढलं तर सगळं ठप्प. झाली अविभाज्य यंत्रणा तयार, आणि वाटेत एकही पाऊल निरुपयोगी नव्हतं. हा विचार बीहींना उत्तर म्हणून कुणी घाईने जुळवलेला नाही. हर्मन मुलर या आनुवंशशास्त्रज्ञाने तो १९१८ मध्ये मांडला, डीएनएची रचना कळण्याच्या ३५ वर्षं आधी. उत्क्रांती खरी असेल तर एकमेकांवाचून न चालणारे भाग दिसायलाच हवेत, असा त्याचा निष्कर्ष होता.

म्हणजे 'एक भाग काढला की यंत्र बंद' हे आजच्या स्थितीचं वर्णन म्हणून बरोबर आहे. ते यंत्र कुठल्या वाटेने इथवर आलं, याबद्दल त्या वर्णनातून काहीच कळत नाही. माझ्या मते सगळा वाद या एका फटीत आहे.

५. कागदावर काहीही जुळवता येतं. असं प्रत्यक्ष घडल्याचा पुरावा आहे का?

आहे, आणि त्यातलं मला सर्वात आवडणारं काम २०१२ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. पेशीतले काही कप्पे आम्लधर्मी ठेवण्यासाठी प्रथिनांचा बनलेला एक सूक्ष्म पंप असतो. त्यात प्रथिनांचं एक कडं फिरतं. बहुतेक सजीवांत हे कडं दोन प्रकारच्या प्रथिनांचं असतं, पण बुरशींमध्ये तीन प्रकारच्या. बुरशीत तिन्हींपैकी एकही काढलं तरी पंप बंद पडतो. बीहींच्या व्याख्येत अगदी चपखल बसणारं उदाहरण.

जोसेफ थॉर्नटन आणि सहकाऱ्यांनी आजच्या अनेक जीवांच्या जनुकक्रमांची तुलना करून प्राचीन पूर्वजांतल्या प्रथिनांचे क्रम काढले, ती प्रथिनं प्रयोगशाळेत प्रत्यक्ष बनवली आणि यीस्टमध्ये घातली. दोनच प्राचीन प्रथिनांवर पंप चालला. तिसरं आलं कुठून? एका जनुकाच्या दोन प्रती झाल्या, आणि पुढे प्रत्येक प्रतीने शेजाऱ्याला जोडून घेण्याची एकेक क्षमता गमावली. एकीला डावीकडची जागा चालेना, दुसरीला उजवीकडची. आता दोघीही हव्यातच. संशोधकांनी एकेक उत्परिवर्तन घडवून हा बदल पुन्हा करून दाखवला. गंमत पाहा: इथे कुठलंही नवं कौशल्य आलेलं नाही. क्षमता घटली आणि गुंतागुंत वाढली.

नव्या कामाचं उदाहरण हवं असेल तर अंटार्क्टिक समुद्रातले मासे पाहा. रक्तात बर्फाचे स्फटिक वाढू नयेत म्हणून त्यांच्यात एक गोठणरोधक प्रथिन असतं. त्याचं जनुक ट्रिप्सिनोजेन या पचनाशी संबंधित प्रथिनाच्या जनुकातून आलं, हे १९९७ मध्ये दाखवलं गेलं. जुन्या जनुकाचे तुकडे नव्यात अजून ओळखू येतात.

६. जीवाणूच्या कशाभिकेचं काय? ती तर सरळसरळ मोटार आहे!

कशाभिका म्हणजे जीवाणूची पोहण्याची शेपटी. दिसते खरी मोटारीसारखी. ई. कोलाय जीवाणूची कशाभिका सेकंदाला शंभराहून अधिक फेरे घेते आणि हवी तेव्हा दिशा उलटवते. फिरता भाग, स्थिर भाग, दांडा, आकडा, लांब तंतू, सगळं आहे. बांधायला आणि चालवायला चाळीसच्या आसपास जनुकं लागतात. डिझाइनवाद्यांचं हे लाडकं उदाहरण आहे, यात नवल नाही.

आता ती सुटी करून पाहू. पहिलं म्हणजे 'कशाभिका' अशी एकच ठरीव रचना नाही. वेगवेगळ्या जीवाणूंत ती वेगळी असते, आणि ई. कोलायच्या यादीतली सुमारे निम्मीच प्रथिनं बहुतेक सगळीकडे आढळतात. दुसरं, या प्रथिनांना नातेवाईक आहेत. दांडा, आकडा आणि तंतू यांची प्रथिनं एकमेकांच्या गोतातली आहेत, म्हणजे जनुकाच्या प्रती होऊन झालेली. मोटारीला ताकद देणारी जोडी पेशीच्या पटलात दुसरीच कामं करणाऱ्या जोड्यांशी नातं सांगते. प्रथिनं बाहेर ढकलायला मदत करणारं विकर (एन्झाइम) एटीपी हा पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू बनवणाऱ्या यंत्राच्या भागाशी मिळतंजुळतं आहे. तिसरं, कशाभिकेच्या बुडाशी प्रथिनं बाहेर पाठवणारी जी यंत्रणा आहे, तिच्यासारखीच यंत्रणा प्लेगचा जीवाणू आपल्या पेशींत विषारी प्रथिनं टोचायला वापरतो. तिला तिसऱ्या प्रकारची स्रवण यंत्रणा म्हणतात. ती पोहण्याच्या कामाची नाही, पण तिचं स्वतःचं काम ती चोख करते.

हे सगळं मिळून कशाभिकेचा पायरी-पायरीने लिहिलेला इतिहास होतो का? नाही. भाग कुठून आले हे बऱ्यापैकी माहीत आहे. कुठल्या क्रमाने एकत्र आले याबद्दल प्रस्ताव आहेत आणि त्यांवर वाद आहेत. 'कशाभिकेचं कोडं सुटलं' असं लिहिणारे उत्साही लोक मला तितकेच खटकतात.

७. पण ती टोचणारी यंत्रणाच कशाभिकेतून उपजली असेल तर? मग तुमचं उत्तर कोसळलं ना?

आक्षेप अर्धा बरोबर आहे. जनुकक्रमांच्या विश्लेषणांत ती कशाभिकेच्या घराण्यातूनच फुटलेली दिसते. तेव्हा तिला कशाभिकेची पूर्वज म्हणू नये. पण ती पुरावा म्हणून वेगळ्याच गोष्टीसाठी दिली जाते: कशाभिकेतले पुष्कळ भाग काढून टाकले तरी उरलेला संच उपयोगी राहू शकतो. 'भाग काढला की उरलं ते निव्वळ भंगार' हा दावा तेवढ्याने पडतो. पूर्वजांचा माग मात्र प्रश्न ६ मधल्या इतर नातेसंबंधांवरूनच काढावा लागतो.

८. रक्त गोठण्याच्या साखळीत एक घटक नसला तर हिमोफिलिया होतो. मग ती टप्प्याटप्प्याने कशी बनेल?

हिमोफिलिया होतो तो त्या घटकाशिवाय चालणार नाही अशा बेताने घडलेल्या शरीरात; प्रश्न ४ मधल्या 'अ' आणि 'ब'ची हीच गोष्ट. बाकी ही साखळी नात्यागोत्याचा उत्तम नमुना आहे. तिच्यातली कापाकापी करणारी विकरं ट्रिप्सिन या पाचक विकराच्या कुळातली आहेत, आणि सातवा, नववा, दहावा हे घटक तर एकाच साच्यातले दिसतात: तेच तुकडे, त्याच क्रमाने. देवमासे आणि डॉल्फिन यांच्यात बारावा घटक नाही, तरी त्यांचं रक्त गोठतं. जबडा नसलेल्या लँप्रे या प्राण्याच्या जीनोममध्ये (संपूर्ण जनुकसंचात) तर आपल्यापेक्षा आखूड साखळीच्या खुणा सापडल्या आहेत.

दोन गोष्टी बीहींच्या बाजूने सांगायला हव्यात. त्यांनी आपला दावा साखळी सुरू होण्याच्या दोन वाटा एकत्र येतात तिथून पुढच्या भागापुरताच केला होता. बारावा घटक त्याच्या बाहेर पडतो. आणि १९९७ मध्ये रसेल डूलिटल या मोठ्या अभ्यासकाने दोन जनुकं काढलेल्या उंदरांचं उदाहरण त्यांच्यावर फेकलं, तेव्हा त्या मूळ प्रयोगाचा अर्थ डूलिटल यांनीच चुकीचा लावला होता. ते उंदीर ठणठणीत नव्हते. बीहींनी ते दाखवून दिलं आणि ते बरोबर होते. विकरांची नाती मात्र त्याने बदलत नाहीत.

९. शंभर अमिनो आम्लांचं एक प्रथिन योगायोगाने बनण्याची शक्यता एकावर १३० शून्यांत एक. हे गणित चूक आहे का?

गुणाकार बरोबर आहे, पण तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. आधीच ठरवलेला एकच क्रम एका फटक्यात जुळण्याची ती शक्यता. उत्क्रांतीत लक्ष्य ठरलेलं नसतं, चालणारे क्रम अनेक असतात आणि सुरुवात बहुतेकदा आधीच्या एखाद्या प्रथिनापासून होते. उपयोगी क्रम किती विरळ, हे मोजून पाहता येतं. २००१ मध्ये कीफ आणि शोस्टाक यांनी ८० अमिनो आम्लांचे सुमारे ६ लाख कोटी यादृच्छिक क्रम तपासले. एटीपीला धरून ठेवणारी प्रथिनं निघाली ती साधारण दहा हजार कोटींत एक. दुर्मीळ खरीच, पण जीवाणूंच्या संख्येपुढे हा आकडा किरकोळ आहे. डिझाइनवादी मंडळी डग्लस ॲक्स या संशोधकाचा २००४ चा एकावर ७७ शून्यांचा अंदाज पुढे करतात. तो एका ठरावीक विकराच्या, तेही मुद्दाम कमकुवत केलेल्या रूपावरच्या प्रयोगातून ताणून काढलेला आहे. एटीपी धरणं आणि पूर्ण विकर म्हणून काम करणं यांत फरक आहे, हा त्यांचा मुद्दा मात्र रास्त.

१०. प्रयोगशाळेत काही नवं तयार होताना दिसलंय, की फक्त मोडतोड?

मोडतोड पुष्कळ दिसते. सोप्या परिसरात वाढवलेले जीवाणू नको असलेली जनुकं बंद करून फायदा मिळवतात, हे बीहींचं निरीक्षण खरं आहे. पण तेवढंच दिसतं असं नाही. रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये ई. कोलायच्या १२ वसाहती वाढवायला सुरुवात केली. सुमारे ३१ हजार पिढ्यांनंतर त्यांतली एक ऑक्सिजनच्या सान्निध्यात सायट्रेट खाऊ लागली. ई. कोलायला हे एरवी जमत नाही. कारण सापडलं: सायट्रेट आत आणणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाची दुसरी प्रत झाली आणि ती अशा चालकाशेजारी (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याशेजारी) पडली की ऑक्सिजन असतानाही जनुक चालू राहावं. त्याआधीच्या बदलांनी जमीन तयार केलेली होती. जुने, गोठवून ठेवलेले नमुने पुन्हा वाढवून पाहिल्यावर ते कळलं. याला 'नवं' म्हणायचं की 'जुन्याची फिरवाफिरव', यावर भांडण चालू आहे. माझं म्हणणं, उत्क्रांतीत नवं येतं ते बहुधा याच रूपात.

११. मलेरियाच्या क्लोरोक्विन-प्रतिकारावरून बीहींनी उत्क्रांतीची सीमाच काढून दाखवली, असं वाचलं. खरं का?

हा त्यांचा सर्वात गंभीर युक्तिवाद, आणि याला उडवाउडवीचं उत्तर चालत नाही. क्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाला प्रतिकार साधारण एकावर २० शून्ये इतक्या परजीवींमागे एकदा उगवतो, असा एका वैद्यकीय अभ्यासकाचा अंदाज होता. बीहींनी त्यावरून म्हटलं: दोन बदल एकत्र लागतात म्हणून हे इतकं दुर्मीळ, मग असे दोन जोड लागणारी कुठलीही गोष्ट उत्क्रांतीच्या आवाक्याबाहेरची. २०१४ मध्ये दिसलं की औषध बाहेर फेकण्याची थोडीशी क्षमता यायलाही संबंधित प्रथिनात किमान दोन बदल लागतात. इथपर्यंत बीहींचा अंदाज खरा ठरला.

गाडी अडते पुढे. तो आकडा उत्परिवर्तनाचा दर नाही. रुग्णांत उगवून, टिकून, पसरून डॉक्टरांच्या नजरेस आलेल्या प्रतिकाराचा तो हिशोब आहे. दोन्ही बदल एकाच क्षणी व्हायला हवेत असंही नाही. एक आधीच लोकसंख्येत निरुपद्रवी म्हणून फिरत असू शकतो. त्याच अभ्यासात पूर्ण प्रतिकाराकडे जाणाऱ्या, एकेक बदलाच्या एकाहून अधिक वाटा सापडल्या. आणि एका परजीवीच्या एका औषधाविरुद्धच्या आकड्याचा वर्ग करून तो सगळ्या जीवसृष्टीला लावणं, ही उडी कुठल्याच मोजमापावर उभी नाही.

१२. डोव्हर खटल्यात न्यायालयाने विज्ञान ठरवलं, हे चूक नाही का?

विज्ञान न्यायालयात ठरत नाही, मान्य. प्रश्न राज्यघटनेचा होता. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळा मंडळाने २००४ मध्ये ठराव केला की नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात इंटेलिजंट डिझाइनचा उल्लेख असलेलं निवेदन वाचून दाखवायचं. ११ पालक न्यायालयात गेले. २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी निकाल दिला: हे विज्ञान नाही, धार्मिक विचार आहे, आणि सरकारी शाळेत तो शिकवणं घटनाबाह्य आहे.

सर्वात बोचरा पुरावा 'ऑफ पांडाज अँड पीपल' या शिफारस केलेल्या पुस्तकाच्या जुन्या मसुद्यांचा निघाला. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतल्या 'सृष्टिविज्ञाना'विरुद्ध निकाल दिला, आणि त्यानंतरच्या मसुद्यांत 'निर्मिती'च्या जागी सरसकट 'डिझाइन' आलं. वाक्यं तीच. साक्षीत बीहींसमोर शरीराच्या रोगप्रतिकारयंत्रणेच्या उत्क्रांतीवरचे ५८ शोधनिबंध आणि ९ पुस्तकं यांचा ढीग मांडला गेला. ते पुरेसं नाही, असं त्यांचं उत्तर होतं. पुढे २०१६ मध्ये अँफिऑक्सस या लहानशा सागरी प्राण्यात एक उडतं (जीनोममध्ये जागा बदलणारं) जनुक सापडलं. आपल्या प्रतिपिंडांची जनुकं कापून जोडणारी विकरं ज्या घराण्यातून आली असावीत असं आधीपासून म्हटलं जात होतं, त्याच घराण्यातलं.

१३. पहिली पेशी कशी झाली, हे उत्क्रांतीला सांगता येतं का?

नाही, तो वेगळा आणि अजून न सुटलेला प्रश्न आहे. नैसर्गिक निवडीला आधी स्वतःची प्रत काढणारं काहीतरी लागतं. धागेदोरे आहेत: आरएनए हा डीएनएचा भाऊबंद रेणू विकरासारखं काम करू शकतो, या शोधासाठी चेक आणि ऑल्टमन यांना १९८९ चं नोबेल मिळालं, आणि रायबोसोम या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रात अमिनो आम्लं जोडण्याचं मुख्य काम आजही आरएनएच करतो. पण धागेदोरे म्हणजे उत्तर नव्हे. डिझाइनवाद्यांचा प्रश्न इथे सर्वात टोकदार आहे, असं मला वाटतं. त्यांच्याकडेही 'कसं घडलं' याचं उत्तर नाही.

१४. ऊष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाचं काय?

अव्यवस्था वाढतच जाते, असं सांगणारा हा नियम बंदिस्त व्यवस्थेला लागतो. पृथ्वीवर सूर्याची ऊर्जा येते. बीहीही हा मुद्दा वापरत नाहीत.

१५. सदोष रचना दाखवून डिझाइन खोडता येतं ना? उदाहरणार्थ रुबिस्को.

जपून. रुबिस्को हे वनस्पतींतलं कर्बग्रहणाचं विकर सेकंदाला जेमतेम काही रेणू हाताळतं आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी चुकून ऑक्सिजनही पकडतं. बावळटपणा वाटतो, पण वेग वाढवला की चुका वाढतात, अशी त्याची अडचण दिसते. त्या मर्यादेत ते बरंच सुधारलेलं असावं. शिवाय 'चांगल्या योजकाने असं केलं नसतं' हे धर्मशास्त्रातलं विधान झालं. सामाईक चुका हा कितीतरी भक्कम पुरावा आहे: क जीवनसत्त्व बनवणारं जनुक माणसात आणि वानरकुळात मोडलेलं आहे, पण त्याचे अवशेष त्याच जागी पडून आहेत. अर्थात हा पुरावा समान पूर्वजाचा. बीहींना तो मान्यच आहे (प्रश्न २).

१६. देव मानणाऱ्याने कुठली बाजू घ्यायची?

डोव्हरमध्ये डिझाइनच्या बाजूचे प्रमुख साक्षीदार बीही कॅथलिक. त्यांच्याविरुद्धचे प्रमुख साक्षीदार, ब्राउन विद्यापीठातले पेशीशास्त्रज्ञ केनेथ मिलर, तेही कॅथलिक.

१७. माणसाने बनवलेला जीवाणू ओळखता येतो. मग डिझाइन ओळखता येतं, हे सिद्धच झालं की!

येतं, काही वेळा. २०१० मध्ये क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने मायकोप्लाझ्मा जीवाणूचा सुमारे १०.८ लाख अक्षरांचा जीनोम रसायनांपासून जुळवला आणि तो जवळच्या जातीच्या पेशीत चालवला. त्यात चार जलचिन्हं घातली होती: संशोधकांची नावं, संकेतस्थळाचा पत्ता, काही अवतरणं. उद्या हा जीवाणू कुणाला सापडला तर तो कृत्रिम आहे हे कळेल, कारण अक्षरांत मजकूर लपवणारी माणसं असतात हे माहीत आहे, त्यांची साधनं माहीत आहेत आणि तुलनेसाठी नैसर्गिक जीनोम समोर आहे. त्या मजकुराला कुठल्याही जीवात नातेवाईक नाहीत. बाकीच्या जीनोमला आहेत, आणि तो भाग संशोधकांनी निसर्गातून जवळजवळ जसाच्या तसा उतरवून घेतला होता.